चालू आणि चालु

दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या माणसाच्या घरात एकाच उच्चाराचे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात आणि कधी कधी एकमेकांशी भांडतातही. आमच्या बोथला असा एक शब्द आहे. मराठीत 'चालू' म्हणजे सुरू असलेले, बंद न पडलेले. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे, बास, आता नको. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक दाखवता येतो, पण बोलण्यात तेवढाही उरत नाही. कारण दोन्हीकडचा 'च' एकच, चहातला नव्हे, चाकातला.

जेवणाच्या पंगतीत या शब्दाची गंमत अधिक खुलते. यवतमाळकडून नव्याने आलेली सून तेलुगू पाहुण्यांना वाढत होती. पाहुणा पानावर हात आडवा धरून 'चालु, चालु' म्हणत होता आणि ती बिचारी 'चालू द्या' असे समजून भात वाढतच होती, अशी कथा आमच्याकडे सांगतात. दर घरात सून वेगळी, पाहुणा वेगळा. भात मात्र तोच. मला या विनोदात नेहमीच एक गंभीर प्रश्न दिसत आला आहे. एखादी गोष्ट चालू आहे, एवढ्यावरून ती पुरेशी आहे असे म्हणता येते का? आणि पुरे झाले हे ठरवायचे कुणी?

हा प्रश्न आमच्या घरात एका ग्राफिक्स कार्डाच्या निमित्ताने उभा राहिला. दिवाळी अंकात संगणकाच्या एका सुट्या भागावर निबंध पाहून काही वाचकांना हसू येईल. येऊ द्यावे. आजोबांच्या पिढीत सायकल घ्यावी की नाही आणि वडिलांच्या पिढीत रेडिओ बदलावा की नाही, यावरून घराघरांत जे अबोले झाले त्यांत सायकल आणि रेडिओ यांचा दोष फार थोडा होता. घरातल्या पैशावर कुणाच्या इच्छेचा किती हक्क, हा त्या भांडणांचा खरा विषय. तो जुना झालेला नाही. वस्तू तेवढी बदलली आहे.

हकीकत थोडक्यात सांगतो. माझ्या धाकट्या भावाने २०२१ साली, शाळा टाळेबंदीत असताना, मुलाच्या अभ्यासासाठी सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून एक वापरलेला संगणक आणला. त्यात जीटीएक्स १०६० या नावाचे ग्राफिक्स कार्ड होते. हे कार्ड मुळात २०१६ च्या जुलैत बाजारात आले. जगभरातल्या खेळाडूंच्या संगणकांत पुढे कित्येक वर्षे तेच सर्वाधिक आढळत असे, म्हणजे आपल्याकडच्या स्प्लेंडर मोटारसायकलसारखे समजा. मुलगा आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास त्या संगणकावर होतोच. रात्री पुण्याचे, निजामाबादचे आणि किनवटचे मित्र मिळून खेळतातही. आता त्याला ते कार्ड काढून २०२५ च्या मे महिन्यात आलेले आरटीएक्स ५०६० बसवायचे आहे. वडील म्हणाले, "चालू हाय नं? मग चालु." दोन भाषांत मिळून पाच शब्दांचा निकाल. घरात हशा पिकला. मुलगा मात्र हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, चालून राह्यलं, पण पुरून नाही राह्यलं."

या वाक्याने मी अडखळलो. व्याकरणाच्या पुस्तकात दोन क्रियापदांतला फरक इतका नेमका सांगितलेला मी वाचलेला नाही.

आता हे कार्ड करते काय, ते पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय पुरणे आणि न पुरणे यांचा हिशेब लागणार नाही. संगणकाचा साधा पडदा म्हणजे ठिपक्यांची मोठी रांगोळी. आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे मिळून २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. खेळ चालू असताना ही सगळी रांगोळी पुसून पुन्हा काढायची, तीही सेकंदाला साठ वेळा. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. एकट्या प्रोसेसरला हे झेपत नाही. म्हणून कार्डावर हजारो लहान लहान गणकऱ्यांची फौज असते. शेतात आपापली पात धरून एकाच वेळी कापूस वेचणाऱ्या बायांसारखे ते काम करतात. एकेकट्याचे काम मामुली, पण सगळे एका दमात. जुन्या कार्डावर असे १,२८० गणकरी आहेत, नव्यावर ३,८४०.

फौज तिप्पट झाली म्हणजे सुख तिप्पट होते काय? येथे एक साधे अंकगणित उपयोगी पडते. सेकंदाला तीस चित्रे असतील तर प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते. साठ झाली की ते १७ च्या आत येते, म्हणजे जवळजवळ १७ मिलिसेकंदांचा लाभ. एकशेवीस केली तर ८ च्या वर थोडे, म्हणजे लाभ ८ चाच. दोनशेचाळीस केली तर लाभ ४ चा. दर वेळी कष्ट दुप्पट आणि मिळकत निम्मी. सिनेमा तर बोलपट आल्यापासून सेकंदाला २४ चित्रांवर चालत आला आणि आपण त्यावर रडलो-हसलो. अर्थात सिनेमात नायक आपल्या बोटाच्या हुकमाने हलत नाही. खेळात हलतो, आणि हुकूम आणि हालचाल यांच्यात अंतर पडले की हाताला ते चटकन कळते. तेव्हा सिनेमाचा दाखला अर्धाच खरा मानावा. पण मिळकत निम्मी-निम्मी होत जाण्याची गोष्ट पूर्ण खरी आहे, आणि ती माणसाच्या बहुतेक सुखांना लागू पडते. पहिला पंखा घरात आला त्या उन्हाळ्यात जे वाटले, ते कूलर आला तेव्हा वाटले नाही.

पण मुलाचे म्हणणे वेगळे होते. एकशेवीस चित्रे त्याला नकोच होती. त्याचा पडदा साठाच्या पुढचे दाखवतही नाही. त्याचे म्हणणे असे की काही खेळ आता सुरूच होत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा खेळ आणि २०२५ च्या मे महिन्यात आलेला 'डूम'चा नवा भाग, दोन्हींना प्रकाशकिरणांचा माग काढणारी सोय कार्डातच असावी लागते. जुन्या कार्डात ती नाही. शिवाय कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना जुळवून घेणारी आज्ञावली देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. सुरक्षिततेपुरत्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळायच्या आहेत.

येथे मला या प्रश्नाचे मर्म दिसते. बैल म्हातारा होतो तो स्वतःच्या हाडांत. पोळ्याला त्याच्या शिंगांना बेगड लावताना घरधन्याला ते दिसत असते आणि तो न बोलता मान खाजवतो. कार्डाचे तसे नाही. त्याचा पंखा घरघरेल, आतला लेप वाळेल. पण पंखा बदलता येतो, लेप पुन्हा लावता येतो. २०१६ साली ते जेवढी बेरीज-वजाबाकी करीत होते तेवढीच आजही करते. ते जागच्या जागी आहे. त्याच्या भोवतीचे जग पुढे सरकवले गेले आहे. म्हणजे कार्डाचे म्हातारपण कार्डात नाही. ते दुसरीकडे कुठे तरी, ज्यांना बोथ हे नावही ठाऊक नाही अशा लोकांच्या बैठकीत ठरते.

कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हे समजावून सांगायला नको. घरच्या सरकीतून पुढच्या वर्षीचे बियाणे राखण्याची रीत आपल्या आजोबांनी पाहिली होती. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून संकरित वाण आले आणि बियाणे दरसाल विकत घेण्याची सवय लागत गेली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ साली त्याची दोन जनुकांची आवृत्ती आली. प्रत्येक नव्या पिशवीने आधीची पिशवी जुनी ठरवली. यात नुसता जाहिरातीचा खेळ होता असे मात्र मी म्हणणार नाही. बोंडअळीने खाल्लेले शेत ज्याने पाहिले आहे तो असे म्हणणारही नाही. पुढे गुलाबी बोंडअळी त्या नव्या वाणालाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार उडाला, तेव्हा जुने बियाणे खरोखरच अपुरे पडले होते. म्हणून 'नवे हवे हा सगळा कंपन्यांचा डाव' असे म्हणून मोकळे होणे सोपे असले तरी खरे नाही. अपुरेपणा बाहेरून आलेला असू शकतो आणि तरीही खरा असू शकतो.

आपल्या मराठीचेच पाहा ना. १९५६ साली भाषावार राज्ये आखली गेली. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. बोथ आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले, आणि २०१४ पासून तेलंगणात आहेत. सीमारेषा ओढली त्या दिवशी आमच्या मराठीतला एकही शब्द कमी झालेला नव्हता. ओव्या, शिव्या, हिशेब, सगळे शाबूत होते. पुढे कचेरीत, नोकरीत आणि शाळेत मात्र ती हळूहळू पुरेनाशी झाली. मराठी माध्यमात शिकलेल्या आईबापांनी आपली मुले तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांत घातली. ती चूक केली असे कुणाच्या तोंडावर म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी इतकेच म्हणतो की 'चालू आहे पण पुरत नाही' हे वाक्य त्या पोराने घरात प्रथम उच्चारले असे समजू नये. त्याच्या आधी ते आपण उच्चारलेले आहे, आणि फार मोठ्या गोष्टीविषयी.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी या प्रकरणात जे दाखले दिले त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. एक दाखला धबधब्याचा. किरणांचा माग काढणारी ही सोय पाण्यावरचे प्रतिबिंब आणि ओल्या खडकावरची चकाकी हुबेहूब दाखवते, असे मुलाने कौतुकाने सांगितले. लगेच उत्तर आले, "मग पोचेरा पाहून ये, फुकट आहे." पोचेरा आमच्या जवळच आहे, कुंटालाही फार लांब नाही, आणि पावसाळ्यात दोन्ही धबधबे पाहण्यासारखे असतात यात शंका नाही. परंतु हा युक्तिवाद मला पटत नाही. कालिदासाने केलेले अरण्याचे वर्णन वाचणाऱ्याला 'त्यापेक्षा रानात जा' असे आपण म्हणत नाही. माणसाने घडवलेले पाणी पाहण्यात माणसाच्या कारागिरीचे कौतुक असते, खऱ्या पाण्याचा अपमान नसतो. प्रकाश एखाद्या खडकावरून कसा परततो हे गणिताने मांडून डोळ्यांपुढे उभे करणे ही क्षुद्र गोष्ट नव्हे.

दुसरा दाखला ठरलेला, ययातीचा. उपभोगाने वासना शमत नाही, तूप ओतल्याने अग्नी वाढतो, वगैरे. दाखला थोर आहे, पण तो तरुणांना देताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. ययाती हा बाप होता. अतृप्त होता तो बाप. आपले तारुण्य काढून दिले ते मुलाने, पुरूने. वीस वर्षांच्या पोराला ययाती म्हणून हिणवण्याआधी आपल्या अंगणात काय काय उभे आहे ते पाहावे. माझ्या भावाने स्वतः गेल्या दहा वर्षांत तीन फोन आणि दोन मोटारसायकली बदलल्या. दर वेळी आधीची वस्तू चालू होती. त्याने ती का बदलली असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "मार्केटला जावं लागते, चारचौघांत बसावं लागते." म्हणजे त्यालाही पुरत नव्हते.

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, हा तिसरा आक्षेप. तो मी येथे लांबवत नाही. पत्त्यांचा डाव पोळ्यापासून दिवाळीपर्यंत चालवणाऱ्या गावात तो फार टिकणारही नाही.

ग्रीसमध्ये सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एपिक्यूरस नावाचा तत्त्वचिंतक होऊन गेला. चैनीचा पुरस्कर्ता म्हणून तो उगाच बदनाम झाला. प्रत्यक्षात त्याचे राहणे अगदी साधे. इच्छांची त्याने तीन गटांत वाटणी केली. काही नैसर्गिक आणि आवश्यक, जसे अन्न आणि आसरा. काही नैसर्गिक पण अनावश्यक, जसे पंचपक्वान्न. आणि काही नैसर्गिकही नाहीत आणि आवश्यकही नाहीत, जसा मानमरातब. तिसऱ्या गटाला मर्यादा नसते, म्हणून तो टाळावा, असे त्याचे सांगणे. ग्राफिक्स कार्ड या वाटणीत तिसऱ्या गटात पडेल, हे उघड आहे. पण याच एपिक्यूरसने सुखी आयुष्याला मैत्रीइतकी मोलाची दुसरी गोष्ट मानली नव्हती. रात्री नऊला चार गावांतले चार मित्र ज्या पारावर जमतात तो पार पडद्यावरचा आहे. सगळे नव्या खेळाकडे गेले आणि हा एकटा जुन्या पारावर बसून राहिला, तर त्याचे जे जाईल ते तिसऱ्या गटातले की पहिल्या? मला याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मुलाला मी विचारले, की मित्र खरोखर तिकडे गेले आहेत, की जातील अशी तुला भीती आहे? तो जरा थांबला आणि म्हणाला, एक गेला आहे, दोघे अजून जुनेच खेळतात. एवढी माहिती पुढच्या विचाराला पुष्कळ झाली.

आता पैशाकडे येऊ. नवे कार्ड अठरा टक्के जीएसटी धरून तीस हजारांच्या आसपास धरू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने हे कार्ड म्हणजे पावणेचार क्विंटल कापूस. बोंड-बोंड वेचलेला, वाळवलेला, गाडीत दाबून भरलेला आणि मार्केटच्या दारात रात्रभर राखलेला. तेही ओलावा जास्त म्हणून कापून घेतले नाही तर. कापसात मोजले की वस्तूची किंमत अंगाला लागते. रुपयांत ती कागदावरच राहते. शिवाय खर्च कार्डापाशी थांबत नाही. जुन्याला ४०० वॅटचा वीजपुरवठा चालत होता, नव्याला ५५० वॅटचा सांगितला आहे, म्हणजे तो डबा बदला. जुन्या मदरबोर्डावर नवे कार्ड पूर्ण वेगाने धावणार नाही, म्हणजे आज ना उद्या तोही बदला. आणि पडदा साठच चित्रे दाखवतो, तेव्हा तोही डोळ्यांत खुपू लागेल. फ्रान्सच्या दिदरोने अठराव्या शतकात आपल्या जुन्या झग्यावर एक निबंध लिहिला होता. नवा उंची झगा आला आणि त्याच्या शेजारी खुर्ची, टेबल, भिंतीवरची चित्रे सगळेच दरिद्री दिसू लागले. एकेक करून सगळे बदलावे लागले. आपल्याकडे घराला रंग दिल्यावर पडद्यांचे जे होते तेच.

हे सगळे हिशेब मुलाला येत होते, माझ्यापेक्षा चांगले येत होते. हिशेबात जी गोष्ट धरलेली नव्हती ती वेगळीच होती.

पंगतीकडे पुन्हा वळतो. पुरे म्हणण्याचा हक्क खाणाऱ्याचा, हे मला तत्त्व म्हणून मान्य आहे. बापाने मुलाच्या वतीने 'चालु' म्हणू नये, तो फार तर 'माझ्याजवळ नाही' म्हणू शकतो. आणि कंपनीनेही मुलाच्या वतीने 'पुरत नाही' म्हणू नये. हा शब्द ज्याचा त्याने उच्चारायचा. परंतु पंगत एकाची नसते. पातेले एकच असते आणि एकाने लवकर 'चालु' म्हटले की दुसऱ्याच्या पानात जास्त पडते. आपल्या घरांत लवकर 'चालु' म्हणण्याची शिकवण कुणाला दिली जाते, हे काही गुपित नाही. आई शेवटी जेवते आणि तिला नेहमीच पुरते. मुलगी पानात पुरते पडण्याच्या आधी हात आडवा धरते. तिच्या या गुणाला आपण समाधान म्हणतो, संस्कार म्हणतो, आणि त्या समाधानातून जे उरते त्यावर घरातल्या कुणाची तरी अतृप्ती पोसली जाते. संतांनी सांगितलेले समाधान स्वतःपुरते होते. दुसऱ्याने समाधानी राहावे म्हणजे मला उरेल, असे त्यांनी कुठे सांगितलेले नाही.

या मुलाला एक थोरली बहीण आहे. निजामाबादला नर्सिंग शिकते. तिच्या फोनची काच दोन वर्षांपासून तडकलेली आहे. वर्गाच्या सूचना, टिपणे, घरचे बोलणे, सगळे त्याच फोनवर. सुटीत आली तेव्हा कार्डाची चर्चा ऐकून तिने भावाचीच बाजू घेतली. "बाबा, घेऊन द्या त्याला." तुला काय हवे, असे मी विचारले तर म्हणाली, "मला काही नको मोठे बाबा, माझं चालू आहे." तिने हा शब्द मराठीत म्हटला की तेलुगूत, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही अर्थ बसत होते. मी सुपारी कातरत बसलो. थोड्या वेळाने पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तिने फोन काढून दाखवला. काचेचा एक कोपरा गेला होता आणि तिथे दाबले की काहीच होत नव्हते. त्या कोपऱ्यातली अक्षरे टाळून संदेश लिहिण्याची तिला सवय झाली होती. औषधांची नावे तिला तसे लिहिणे अवघड जाई.

खोलीत त्या वेळी मुलगाही होता. कुणी त्याला काही म्हटले नाही. म्हणण्याजोगे नव्हतेही, त्याने बहिणीचे काही हिरावले नव्हते, तिने मागितलेच नव्हते. नीतीच्या पुस्तकांत चोरीचा विचार असतो, दानाचा असतो. न मागितलेल्या गोष्टीवर कुणाचा हक्क, याचा विचार फारसा सापडत नाही. मला वाटते इच्छेची परीक्षा घ्यायची ती तिच्या लहान-मोठेपणावरून घेऊ नये. खेळाचे कार्ड मागणे हलके आणि नर्सिंगसाठी फोन मागणे भारदस्त, अशी विभागणी मी करणार नाही, कारण उद्या तीच मुलगी नुसते नाच पाहायला मोठा फोन मागेल आणि तोही तिचा हक्क असेल. आपले 'पुरत नाही' मांडण्याआधी घरातल्या बाकीच्यांनी आपापले 'चालु' मोकळ्या मनाने म्हटले आहे की सवयीने, एवढे पाहावे. तेही एकदा विचारून कळत नाही. आमच्याकडे पाहुण्याला तीनदा आग्रह करण्याची रीत आहे. घरच्या माणसाला आपण एकदाही करीत नाही.

दुसऱ्या दिवशी भावाने घरातल्या सर्वांना बसवून यंदाच्या कापसाचा हिशेब वाचून दाखवला. खताची उधारी, सालगड्याचे, फी, आणि उरलेले. इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा केले. वहिनींना त्यातले निम्मे आकडे नवे होते. त्यांनीही त्या बैठकीत एक गोष्ट मागितली, ती काय हे मी येथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. फार स्वस्त होती.

पहिल्या वेचणीच्या पैशांतून निजामाबादला फोन गेला. कार्डाला बापाने नाही म्हटले नाही आणि हो म्हणण्याइतके उरलेही नाही. मुलगा संध्याकाळी गावातल्या मीसेवा केंद्रात अर्ज भरून देण्याचे काम करतो आहे आणि पैसे बाजूला टाकतो आहे. दरम्यान त्याने खेळातली सावल्यांची आणि प्रतिबिंबांची प्रत एक पायरी खाली आणून पाहिली, तर जुन्या कार्डावर बरेच काही नीट चालते असे त्याच्या लक्षात आले. सगळे नाही. इंडियाना जोन्स अजूनही सुरू होत नाही आणि त्याला तो खेळायचाच आहे, हे तो लपवत नाही. पैसे पुरे झाल्यावर घेईन की नाही ते तेव्हा पाहू, असे म्हणतो. जुन्या कार्डावर मात्र किनवटच्या आतेभावाने आधीच हक्क सांगून ठेवला आहे. त्याच्याकडे कसलेच कार्ड नाही, आणि २०१६ चे ते कार्ड आपल्याला चांगली चार वर्षे पुरेल असा त्याचा अंदाज आहे.